वॉर्निंग चालू करून देणाऱ्या ताईंना

आदरणीय ताई,

त्या दिवशी लॅबमध्ये नीट आभार मानायचे राहून गेले, तुम्ही लेक्चरला निघालात. म्हणून हे पत्र, आणि तेही चारचौघांत.

माझा प्रबंध लासलगावच्या कांद्याच्या भावांवर. आर या आकडेमोडीच्या प्रोग्रॅमिंग भाषेत सरासरी काढली की क्विंटलचा भाव हजाराच्या वर जायचाच नाही. कांद्याने सगळ्यांना रडवलं त्या वर्षीही नाही! पैसे मोजून ज्या 'डेटा तज्ज्ञां'कडे गेले होते, त्यांनी माझ्या आरप्रोफाइल फाईलमध्ये एक ओळ टाकून दिली होती: ऑप्शन्समध्ये, म्हणजे आरच्या सेटिंग्जमध्ये, वॉर्न (वॉर्निंगचं काय करायचं ते ठरवणारी सेटिंग) उणे एक. "आता लाल अक्षरं दिसणार नाहीत, निवांत काम करा." आर उघडलं की आधी ती ओळ चालायची आणि सेशन संपेपर्यंत एकही वॉर्निंग तोंड उघडायची नाही. खरंच निवांत होतं सगळं.

'1,250' असा स्वल्पविराम घातलेला भाव आकड्यात बदलायला गेलं की आर त्याचा एनए, म्हणजे 'आकडा उपलब्ध नाही', करतं, आणि तसं बजावतंही. ते बजावणंच बंद केलेलं. सरासरी काढताना एनए वगळलेले, आणि हजाराच्या आतल्या भावांत स्वल्पविराम नसतो, त्यामुळे मंदीचे दिवस तेवढे उरले आणि तेजी गडप झाली. फी मात्र तज्ज्ञांनी आगाऊ घेतली होती.

तुम्ही एवढंच विचारलंत, "वॉर्न किती आहे गं तुझी?" मग ती दोन केलीत. दोनवर प्रत्येक वॉर्निंगची एरर होते, त्यामुळे प्रोग्रॅम नेमका त्याच ओळीवर अडला. पुढे स्वल्पविराम काढणं काय, कुणालाही जमलं असतं.

पण मला आठवत राहतं ते वेगळंच. ऑप्शन्स बदलताना आर जुनी सेटिंग परत देतं. ती ठेवून घ्यायची तसदी किती जण घेतात? तुम्ही ती 'जुने' नावाने ठेवलीत आणि उठताना जशीच्या तशी परत बसवलीत. उणे एकसकट! मी बघतच राहिले, तर म्हणालात, "मशीन तुझं, फाईल तुझी. ती ओळ काढायची तर तू काढ."

क्रॅनवर, म्हणजे आरच्या पॅकेजेसच्या (तयार फंक्शनांच्या संचांच्या) सार्वजनिक भांडारात, पॅकेज पाठवणाऱ्यांनाही हेच बजावतात म्हणे: वापरणाऱ्याचे ऑप्शन्स बदलू नका, बदललेच तर फंक्शनमधून बाहेर पडताना पूर्ववत करा. तिथे तो नियम आहे. तुम्हाला इथे कोण विचारणार होतं? मदत करणारे पुष्कळ भेटतात हो, पण बहुतेक जण जाताना स्वतःच्या सवयी आपल्या गळ्यात बांधून जातात. दुसऱ्याच्या घरी चहा करून साखरेचा डबा होता तिथेच ठेवणारी माणसं थोडी.

ती ओळ मी त्याच संध्याकाळी काढली. प्रबंध आता छपाईला जातोय. ऋणनिर्देशात गाइडच्या खालोखाल तुमचं नाव घातलंय. चालणार नसेल तर आधी कळवा, काढेन.

तुमची,
अर्थशास्त्र विभागातली कांदेवाली