संपलेले सेल विकणाऱ्यानेच परत घ्यावेत: पर्यावरण मंत्र्यांना खुले पत्र

माननीय पर्यावरण मंत्री महोदय,

सविनय नमस्कार.

एकाच मागणीसाठी हे पत्र लिहिते आहे. जिथे सेल आणि बॅटऱ्या विकल्या जातात, तिथेच संपलेले सेल परत घेतले गेले पाहिजेत. तेही विनामूल्य, नवीन काही घेण्याची अट न घालता, आणि सेल कुठल्याही कंपनीचा असला तरी.

मी शाळेत विज्ञान शिकवते. साध्या सेलचा धडा मुलांना फार आवडतो. बाहेर जस्ताचं भांडं, मधोमध कार्बनची कांडी, तिच्याभोवती मँगनीज डायऑक्साइडचं काळं मिश्रण. धडा संपला की कुणीतरी हमखास विचारतं, "मॅडम, संपलेला सेल टाकायचा कुठे?" ओल्या-सुक्या कचऱ्यापासून वेगळा ठेवा, असं मी सांगते. लगेच पुढचा प्रश्न येतो, वेगळा ठेवून द्यायचा कुणाला? याचं उत्तर शिक्षकाने नव्हे, शासनाने द्यायचं आहे.

"घरात डब्यात साठवा, पुढे बघू" हा सल्ला सर्रास दिला जातो. मला तो धोक्याचा वाटतो. संपलेल्या सेलमध्येही थोडीफार वीज शिल्लक असतेच. नऊ व्होल्टच्या चौकोनी बॅटरीची दोन्ही टोकं एकाच बाजूला, अगदी शेजारी-शेजारी असतात. डब्यात तिच्यावर एखादी किल्ली किंवा दुसरा सेल आडवा पडला, तरी शॉर्टसर्किट होऊन आग लागू शकते. टोकांवर चिकटपट्टी लावली की हा धोका टळतो, पण हे सांगतं कोण?

नाण्यासारख्या चपट्या बटण सेलचं तर याहून वाईट. सीआर 2032 हा सेल जेमतेम 20 मिलिमीटर रुंद. लहान मुलाने गिळला आणि अन्ननलिकेत अडकला, तर ओलसर पेशींमधून वीज वाहू लागते, सेलच्या ऋण बाजूला तीव्र अल्कली तयार होते आणि दोन तासांत अन्ननलिका गंभीर भाजू शकते. खेळणं चालवायला अपुरा पडलेला सेलही एवढी इजा करू शकतो. असे सेल घरात साठू देणं योग्य नाही.

कचऱ्यात टाकले तर काय होतं? इथे सगळे सेल एकाच मापाने मोजून चालणार नाही. साध्या पेन्सिल सेलमधला पारा आता बहुतेक ठिकाणी काढून टाकला आहे. पाऱ्याचा वापर रोखणाऱ्या मिनामाता या आंतरराष्ट्रीय कराराने त्यावर बंधन आणलं, आणि त्याचा फायदा झाला. या सेलमुळे आज मुख्यतः जस्त आणि मँगनीज वाया जातं. जुन्या निकेल-कॅडमियम बॅटऱ्यांमधलं कॅडमियम मात्र विषारी आहे. आणि सगळ्यात जास्त काळजी पुन्हा चार्ज होणाऱ्या लिथियम-आयन बॅटरीची. इअरफोन, ट्रिमर, खेळणी, सगळीकडे ती आहे. तिच्या दोन ध्रुवांमध्ये केसापेक्षाही पातळ पडदा असतो. कचरा दाबणाऱ्या गाडीत बॅटरी चेपली गेली की तो फाटतो, आतलं तापमान झपाट्याने चढतं आणि ज्वालाग्राही द्रव पेट घेतो. विझलेली बॅटरी पुन्हाही पेटते. त्या वेळी गाडीजवळ उभा असतो तो सफाई कर्मचारी. पुढे भंगारात उघड्या हातांनी बॅटऱ्या फोडणारी माणसंही आहेतच.

मी मागते आहे ते अशक्य नाही. युरोपीय संघाने 2006 च्या निर्देशातच घरगुती बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी विक्रेत्यांवर टाकली. 2023 च्या नव्या कायद्यात उत्पादकांना 2027 अखेर 63 टक्के आणि 2030 अखेर 73 टक्के संकलनाचं उद्दिष्ट दिलं आहे. फेब्रुवारी 2027 पासून, काही अपवाद सोडता, उपकरणातली बॅटरी ग्राहकाला स्वतः काढता आली पाहिजे, असंही त्यात आहे. ही तरतूद मला फार महत्त्वाची वाटते, कारण आत चिकटवून टाकलेली बॅटरी परत द्यायची कशी?

नुसती पेटी ठेवून मात्र भागणार नाही. ती धातूची नसावी, लिथियमसाठी वेगळी असावी, फुगलेल्या बॅटऱ्यांसाठी वाळूची सोय असावी आणि ती भरून वाहण्याआधी उचलली जावी. खर्च उत्पादकांनी उचलावा, छोट्या दुकानदारावर पडू नये. पुनर्प्रक्रियेसाठी सेल प्रकारानुसार वेगळे होणं फार गरजेचं असतं. शिशाच्या बॅटऱ्यांच्या भट्टीत चुकून एक लिथियम बॅटरी गेली तर स्फोट होऊ शकतो. नीट वेगळी केलेली लिथियम बॅटरी सुरक्षितपणे दळली, तर तिच्या काळ्या भुकटीतून कोबाल्ट, निकेल आणि लिथियम परत मिळवता येतं.

या मागणीवर आपल्या खात्याचं म्हणणं जाहीर करावं, ही विनंती. नियमांचा मसुदा करायचा झाल्यास उत्पादकांच्या आधी सफाई कर्मचारी आणि कचरावेचकांच्या संघटनांना चर्चेला बोलवावं.

आपली विश्वासू,
एक विज्ञान शिक्षिका