दुष्काळ कुठल्या धड्यात?

महोदय,

सातवीतल्या माझ्या नातीला शाळेतून इतिहासाचा प्रकल्प मिळाला. तिने मोबाइलवरून प्रतापगडाची माहिती उतरवून काढली. शेजारीच तिची पणजी, म्हणजे माझी आई, शेंगा फोडत बसली होती. वय ८४. बहात्तरच्या दुष्काळात हिने रस्त्याच्या कामावर खडी फोडली. उडालेल्या कपचीचा व्रण भुवईवर अजून आहे. मी तेव्हा नऊ वर्षांचा. कामावर खायला मिळणारी सुकडी आणि मिलोची, म्हणजे परदेशातून आलेल्या लाल ज्वारीची भाकरी, दोन्हींची चव मला आठवते. नात मात्र पणजीला काहीच विचारत नव्हती. तिला वाटते, इतिहास गडावर असतो.

मी ३१ वर्षे इतिहास शिकवला, तेव्हा दोष माझाही आहे. शिवजन्माचे साल १६३० पोरांकडून घोकून घेतले. त्याच सुमारास दख्खनेत भीषण दुष्काळ होता, आदिलशाही फौजेने पुणे जाळले होते, हे फळ्यावर कधी आले नाही. मग ‘उजाड मुलूख पुन्हा वसवला’ या वाक्याचे वजन पोरांना कळणार कसे? शिवकाल कमी करा असे मी म्हणत नाही. त्यातली शेती, शेतसारा, बी-बियाणे तेवढे शिकवा.

आमच्या सुप्याचेच घ्या. १२ मे १८७५ रोजी इथल्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जखते जाळली. लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरले, सरकारला चौकशी बसवावी लागली, १८७९ मध्ये कर्जबाजारी शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा करावा लागला. मी ह्याच गावात वाढलो, आणि हे मला कळले बी.ए.च्या वर्गात!

रोजगार हमीचेही तसेच. कल्पना विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांची, रेटा बहात्तरच्या दुष्काळाचा. नोकरदारांकडून व्यवसाय कर घ्यायचा आणि खेड्यातल्या मजुराला काम द्यायचे. १९७७ मध्ये आपल्या विधिमंडळाने कायदा केला, २००५ मध्ये देशाने. लढायांच्या सनावळीतली चार साले गाळून एवढे शिकवायला काय हरकत आहे?

काल रात्री नातीने पणजीला विचारून दोन पाने लिहिली. मुकादम हजेरी कशी मांडायचा, तान्ही पोरे कुठल्या झाडाखाली ठेवायचे, असले काय काय. ‘संदर्भ’ या रकान्यात तिने ‘पणजी’ असे लिहिले आहे. बाईंना ते चालते का, सोमवारी कळेल.

– एक निवृत्त शिक्षक, सुपे (ता. बारामती)