बाबा, पाला जाळू नका, मला हवाय

ती. आई-बाबांना सा. न.

बाबा, फोनवर हा विषय काढला की तुम्ही ‘घे, आईशी बोल’ म्हणून मोकळे होता. म्हणून पत्रच लिहायला बसले.

आधी माझी फजिती ऐका. संक्रांतीपासून मी गॅलरीत ओल्या कचऱ्याचं खत करायला घेतलंय. रंगाच्या जुन्या बादलीला भोकं पाडली, तळाशी नारळाच्या शेंड्या, वर रोजची सालं, देठं, चहाचा चोथा. दहाव्या दिवशी झाकण उघडलं तर आंबूस भपकारा आणि वळवळणाऱ्या अळ्या! खालच्या काकू जिना चढून वर आल्या. बादली फेकूनच देणार होते. तेवढ्यात आई, तुझा फोन आला आणि तू एकच विचारलंस, “कोरडं काय घातलंस?”

काहीच नव्हतं घातलं. नुसत्या सालांत पाणी आणि नत्र भरपूर, पण कर्ब कमी आणि हवा खेळायला जागाच नाही. मग ते कुजत नाही, सडतं. आता ओंजळभर सालांवर दोन ओंजळी चुरलेला पाला घालते, अधूनमधून आंबट ताकाचा शिपका आणि तीन-चार दिवसांनी काठीनं खालीवर. मुठीत दाबल्यावर गोळा व्हावा पण पाणी गळू नये, हे तुझंच माप. परवा झाकण उघडलं तर पहिल्या पावसासारखा वास! अळ्या अजून आहेत थोड्या, पण त्या बिचाऱ्या कचराच खातात. काकूंना हे पटायचंय.

अडचण एकच. कोथरूडमध्ये तिसऱ्या मजल्यावर पाला आणायचा कुठून? सोसायटीत झाडणाऱ्या मामांकडून दोनदा आणला, त्यात गुटख्याच्या पुड्या निघाल्या. आणि तिकडे वाईला तुम्ही रोज संध्याकाळी पोतंभर पाला पेटवताय.

आता रागवाल, पण दिवाळीत मी पाहिलंय. त्या ढिगात दुधाच्या पिशव्या असतात, गोळ्यांची रिकामी पाकिटं असतात, एकदा तर फुटका पाइपही होता. नुसत्या पाल्याच्या धुरातले बारीक कणसुद्धा थेट फुफ्फुसात जातात. त्यात पाइपाचं ते पीव्हीसी प्लास्टिक जळलं की डायॉक्सिन, म्हणजे विषच. मग रात्रभर तुम्ही खोकता आणि खापर फुटतं थंडीवर. राष्ट्रीय हरित लवादानं २०१६ मध्येच उघड्यावर कचरा जाळायला मनाई केलीय, ५,००० रुपये दंडही ठेवलाय. ‘आपल्या आळीत कोण येतंय दंड करायला?’ म्हणाल. खरंय, कोणी येणार नाही. खोकला मात्र येतोच.

आई, दुधाच्या पिशवीचं तुझ्याकडे. कोपरा पूर्ण कापून टाकू नकोस, नुसती चीर दे. तो एवढासा तुकडा कुणीच वेचत नाही, गटारात जातो. पिशवी धुऊन दोरीवर वाळत घाल, भंगारवाला नेतो. हे मला आमच्याकडे कचरा न्यायला येणाऱ्या ‘स्वच्छ’च्या ताईंनी शिकवलं. कचरावेचकांचीच सहकारी संस्था आहे ती. ओल्यासुक्यात गल्लत झाली की त्या ताई अशा बघतात की पुन्हा चूक होत नाही.

आणि माझाही एक गुन्हा कबूल करते. गेल्या वर्षी हौसेनं तुम्हाला आरओ बसवून दिला. लिटरभर पाण्यामागे दोन-तीन लिटर नळीतून मोरीत जातं, हे तेव्हा विचारलंसुद्धा नाही. पाण्याचा टीडीएस, म्हणजे त्यात विरघळलेले क्षार किती, ते मोजून घ्या. लिटरला पाचशे मिलिग्रॅमच्या आत असेल तर आरओची गरजच नाही, साधा फिल्टर पुरे. तोवर नळीखाली बादली ठेवा. ते पाणी फरशी पुसायला, संडासात ओतायला चालतं. तुळशीला नको, क्षार जास्त असतात.

पाडव्याला येतेय. येताना चार रिकामी पोती आणते. बाबा, तोवर पाला पडवीत कोरडा राहू द्या. आंब्याची पानं जाड, लवकर कुजत नाहीत, तेवढी काठीनं बडवून चुरा. चिंचेचा पाला वेगळा ठेवा, तो सगळ्यात आधी मला. एसटीत कंडक्टर पोत्यांचं तिकीट मागेल. देईन.

तुमची,
छोटी