आरोग्यमंत्री साहेब, माझ्या भाच्याच्या पायांसाठी हे खुलं पत्र

मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,

साहेब नमस्कार,

मी साताऱ्याची, एका पतसंस्थेत कॅशियर आहे आणि गेले आठ महिने माझ्या भाच्यासाठी लोकांनी दिलेल्या पैशाची वही लिहितेय. भाचा साडेपाच वर्षांचा. सातव्या महिन्यातच जन्मला, सेरेब्रल पाल्सी आहे, म्हणजे मेंदूला इजा झाल्यानं स्नायूंवर नीट ताबा राहत नाही, दोन्ही पाय कायम ताठ. वॉकर धरून चालतो पण टाचा टेकतच नाहीत, त्याचे बूट बघा, पुढचं टोक झिजून फाटलेलं आणि टाचेकडचा सोल दुकानातनं आणला तसाच कोरा. डोक्यानं मात्र तल्लख, बाराचा पाढा उलटा म्हणतो.

त्याला एसडीआर नावाची सर्जरी सांगितलीय. कमरेच्या वर मणका उघडून पायाकडनं येणाऱ्या संवेदनेच्या नसांचे बारीक बारीक धागे वेगळे करतात, एकेकाला करंट देऊन तपासतात आणि चुकीचे सिग्नल देणारे तेवढेच कापतात. त्यानं ताठरपणा कमी होतो, पण ती लहान वयात व्हायला लागते आणि नंतर वर्ष-दोन वर्षं नेटानं फिजिओथेरपी लागते, नाहीतर सगळं वाया. आम्ही इथं तीन शहरांत विचारलं. कुणी म्हणालं करतो पण क्वचित, कुणी म्हणालं सर्जरी करू, फिजिओचं तुमचं तुम्ही बघा. अमेरिकेत सेंट लुईसला हजारो मुलांवर ही सर्जरी झालीय, म्हणून तिकडं न्यायचं ठरवलं. विमान, राहणं, सर्जरी सगळं धरून आकडा येतोय 52 लाख.

वहीत आज 19 लाख 40 हजार आहेत. आमच्या गल्लीतल्या मंडळानं या वर्षी डीजे न लावता 21 हजार दिले, मंडईतल्या एक मावशी दर गुरुवारी वीस रुपये आणून देतात आणि वहीत स्वतःचं नाव लिहिलेलं बघूनच जातात. ऑनलाइन पण टाकलं होतं, तिथं आम्हाला सांगितलं की पोरगा रडतानाचा फोटो द्या, हसऱ्या फोटोवर पैसे येत नाहीत. वहिनीनं नाही दिला. मला तिचं पटलं, उद्या हाच फोटो तो शाळेत असताना कुणीतरी त्याला दाखवणार.

महात्मा फुले योजनेचं कव्हर 5 लाखांचं झालं ते चांगलंच झालं, माझ्या वडलांची बायपास याच योजनेत झाली, त्याबद्दल मी सरकारची ऋणी आहे. पण योजना देशाबाहेर चालत नाही आणि इथं करायचं म्हटलं तरी डिस्चार्जनंतर 10 दिवसांपर्यंतचंच त्यात बघतात. अशा मुलांसाठी केंद्र सरकारचा निरामय आरोग्य विमा आहे, पण तो वर्षाला 1 लाखाचा. उपचाराला मदत देणाऱ्या धर्मादाय ट्रस्टकडं गेलो तर ते म्हणतात भारताबाहेर खर्च केला की तेवढ्या रकमेवर इन्कम टॅक्सची सवलत मिळत नाही, दिल्लीची खास परवानगी लागते. त्यांचंही खोटं नाही, नियमच तसा आहे.

साहेब, इंग्लंडमध्ये पण असंच चालायचं, आईबाप गावोगाव पैसे गोळा करून पोरांना सेंट लुईसला न्यायचे. मग तिथल्या सरकारी आरोग्य सेवेनं 2014 पासून पाच हॉस्पिटलांत 137 मुलांची सर्जरी स्वतःच्या खर्चानं केली, दोन वर्षं प्रत्येक पोराची प्रगती मोजली, फरक दिसला आणि 2018 ला ठरवलं की योग्य त्या मुलांसाठी आता ही सर्जरी आम्हीच करणार. हे आपल्याला का जमू नये? मुंबईत किंवा पुण्यात एक सेंटर करा, सर्जन तिकडं शिकायला पाठवा, आणि फुले योजनेत सर्जरी आणि दोन वर्षांची फिजिओ मिळून एकच पॅकेज ठेवा. जिल्हा रुग्णालयांत डीईआयसी, म्हणजे लहान मुलांमधले असे दोष लवकर ओळखून उपचार करणारी केंद्रं, आहेतच, तिथल्या फिजिओथेरपिस्टना यासाठी ट्रेनिंग दिलं तर साताऱ्याच्या पोराला रोज पुण्याला न्यावं लागणार नाही.

आमच्या पोरासाठी हे सेंटर वेळेत होईल असं मी धरून चाललेले नाही, आमचे पैसे आम्ही गोळा करतोय, करूच. पण डॉक्टरांच्या वेटिंगमध्ये आमच्या शेजारी बसलेल्या आयांकडं ना पतसंस्थेतली नणंद आहे ना डीजे बंद करणारं मंडळ.

रोज सकाळी वहिनी त्याचा गुडघा धरून टाच दाबते, तो डोळे घट्ट मिटून मोठ्यानं आकडे मोजतो, शंभर झाले की म्हणतो आता दुसरा पाय. पंधरा मिनिटं भेटीची वेळ द्या, मी वही घेऊन येते.

आपली,
एक आत्या, सातारा