चिनूची केदारनाथची नोकरी

इंदूर, रविवार

प्रिय मुकुंदा,

सप्रेम नमस्कार. तुझ्या दिवाळीच्या पत्राचं उत्तर राहिलंय, ठाऊक आहे. शिव्या फोनवर घाल. तब्येत बरी, शुगर आहे तिथेच आहे.

चिनूला केदारनाथच्या सीझनला एच-१२५ हेलिकॉप्टरवर पायलट म्हणून घेतलंय. पेढे वाटून झाले. सुमनवहिनींनी विचारलं, "भाऊजी, वर इंजिन बंद पडलं तर?" म्हटलं, "फ्रीव्हीलमुळे पंखा इंजिनापासून सुटतो, खालून येणाऱ्या हवेवर फिरत राहतो, उतरतात आरामात." त्यांचं समाधान झालं. माझं होत नाहीये, आणि हे तुझ्याशिवाय कोणाला सांगू?

तू लगेच त्या फ्रेंच पायलट बूलेचं उदाहरण काढशील. १९७२, लामा हेलिकॉप्टर, १२,४४२ मीटर, इंजिन विझलं तरी बाबा सुखरूप खाली! अरे, पण त्याच्याजवळ उंची होती. पॅडवर येताना मशीन हळू आणि खाली असतं, उंची-वेगाच्या त्या धोक्याच्या वक्राच्या ऐन पोटात. तिथे इंजिन गेलं तर कलेक्टिव्हचा दांडा पाडून, पात्यांचा कोन कमी करून पंख्याचे आरपीएम राखशील, पण फ्लेअरला, शेवटी नाक उचलून उतरण्याचा झपाटा मारायला, वेग कुठून आणशील? त्यापेक्षा पाच-सात फुटांच्या हॉवरमध्ये, जागीच तरंगताना, गेलेलं परवडलं. कलेक्टिव्ह पाडायचाच नाही, मशीन बसू द्यायचं आणि टेकताना ओढायचा. त्यावरून आपण चहा गार होईस्तोवर भांडलोय. तेव्हाही माझंच बरोबर होतं.

त्यात हवा पातळ. साडेअकरा हजार फुटांवर काटा ६५ नॉट दाखवतो तेव्हा मशीन खरं ७८ च्या आसपास पळत असतं. फ्लेअर करूनही वेग उरतो, आणि समोर दगडगोटे. कलेक्टिव्ह तळाला ठेवून बसलं तर रोटर उलट ओव्हरस्पीडकडे जातो, म्हणून जरासा उचलून धरावा लागतो. वर सवाऱ्या भरलेल्या, म्हणजे आरपीएम आणखी चढणार.

पण खरी धास्ती पायाची आहे. पोरगा शिकला आर-४४ या छोट्या अमेरिकन हेलिकॉप्टरवर. ७० नॉट, चाळीस फुटांवर फ्लेअर, आठ फुटांवर सरळ, टेकताना कलेक्टिव्ह, सगळं पाढ्यासारखं पाठ. तिथे पॉवर गेली की नाक डावीकडे जातं, पेडलवर उजवा पाय द्यायचा. एच-१२५ चा फ्रेंच पंखा उलटा फिरतो, तिथे डावा. नव्या मशीनचं ट्रेनिंग, कन्व्हर्जन झालंय, चेकही पास आहे. पण पहिल्या सेकंदाला पाय डोक्याला विचारत नाही, जुन्या सवयीनं जातो.

दुसरं, चिप लाइट, तेलात धातूचे कण सापडले की लागणारा दिवा. मॅग्नेटिक प्लगवर केसासारखी बारीक लव दिसली तर पुसून, नोंद करून पुढे जाता येतं. चकचकीत पापुद्रा दिसला की बेअरिंग सुटायला लागलं, मशीन हलवायचं नाही. भर सीझनमध्ये खाली रांग लागली की तोच लाइट वायरिंगचा दोष ठरायला वेळ लागत नाही.

तू एकदा चिनूशी बोल. माझं म्हणणं त्याला म्हाताऱ्याची कुरकुर वाटते, तुला उस्ताद म्हणतो. डाव्या पायाचं सांग. आणि लाइट लागला तर प्लग उघडताना स्वतः शेजारी उभा राहा म्हणावं. वहिनींना यातलं काही बोलू नकोस.

रेवाचं ठरल्याचं कळलं, फार छान झालं, तारीख कळव. गच्चीची गळती थांबली का?

तुझा,
बाळ्या