सूचना : पोहण्यासाठी वेटसूट घालावा की नाही?

सर्व सभासदांना नमस्कार.

कोपनहेगनच्या पूर्ण आयर्नमॅनला (पोहणं, सायकल आणि धावणं अशी सलग शर्यत) जाणारे आणि गोव्याच्या ७०.३ मध्ये (निम्म्या अंतराचा आयर्नमॅन) उतरणारे, दोघांकडूनही हाच प्रश्न येतोय. वेटसूट म्हणजे पाण्यात अंग गरम ठेवणारा, निओप्रीन या रबराचा घट्ट पोशाख. आयर्नमॅनच्या नियमानुसार पाणी २४.५ अंशांपर्यंत असेल तर हौशी स्पर्धकांना वेटसूट चालतो. २४.५ ते २८.८ अंशांच्या दरम्यान घालता येतो, पण मग वयोगटातलं बक्षीस आणि जागतिक स्पर्धेची जागा यांवर हक्क राहत नाही. त्याहून गरम पाण्यात साफ बंदी. जाडीची मर्यादा ५ मिलिमीटर.

गोव्याला जाणाऱ्यांनी वेटसूटवर खर्च करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. मिरामारचं पाणी कोमट असतं; निओप्रीनमध्ये अंग तापून दम लागेल, आणि पुढे ९० किलोमीटर सायकल उन्हातच चालवायची आहे.

कोपनहेगनवाल्यांनी मात्र घ्याच. ३.८ किलोमीटर गार पाण्यात काढायचे आहेत. सूटमुळे पाय आपोआप वर तरंगतात, त्यामुळे ज्यांचे पाय खाली जातात त्यांना सर्वांत जास्त फायदा. पण नवाकोरा सूट थेट स्पर्धेत घालू नका! छाती-गळ्याशी आवळल्यासारखं होतं आणि पहिल्या शंभर मीटरमध्येच माणूस घाबरतो. इथे तलावावर भल्या पहाटे, थोडाच वेळ, सोबत कुणीतरी असतानाच सराव करा. मानेला व्हॅसलीन लावू नका, निओप्रीन खराब होतं. पाण्यात विरघळणारं वंगण वापरा.

अंतिम निर्णय स्पर्धेच्या सकाळी आयोजक मोजतील त्या तापमानावर. म्हणून सूटशिवाय पूर्ण अंतर पोहण्याची तयारी प्रत्येकाने ठेवावी.