ऑनलाइन कथालेखनात पहिला खर्डा जपा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

शाळेत ऑनलाइन कथालेखनाचा उपक्रम सगळ्या वर्गांना लावण्याआधी एका तुकडीवर पाच-सहा आठवडे करून बघतात, हे योग्यच आहे. मात्र अशा चाचणीच्या अहवालात एवढेच असते की इतक्या मुलांनी नावे नोंदवली, इतक्या कथा आल्या, पालकांना उपक्रम आवडला. मुले लिहायला शिकली का, हे त्यातून कळत नाही. त्यासाठी प्रत्येक मुलाचा पहिला आणि दुसरा खर्डा शेजारी ठेवून वाचावा लागतो.

पहिल्या खर्ड्यात ‘आजी खूप प्रेमळ होती’ असे वाक्य असते. त्याच्या बाजूला ‘हे तुला कशावरून वाटले?’ एवढेच विचारले, की दुसऱ्यात येते, ‘आजी पदराची गाठ सोडून पाच रुपये द्यायची आणि आईला सांगू नकोस म्हणायची.’ उपक्रमाचे खरे फळ हेच. पण मूल त्याच फाइलमध्ये दुरुस्ती करते आणि पहिले वाक्य नाहीसे होते. गूगल डॉक्समध्ये जुन्या आवृत्त्या सापडतात, तरी मुदत संपताच सगळ्या पहिल्या खर्ड्यांची वेगळी प्रत काढून ठेवावी. गूगल फॉर्मवर कथा घेणे टाळावेच. साइन-इन न करता भरलेल्या फॉर्ममध्ये अर्धवट मजकूर साठत नाही. मध्येच फोन आला, पान पुन्हा उघडले, की तासाभराचे लिखाण गेले. ते मूल दुसऱ्यांदा लिहायला बसत नाही आणि अहवालात ‘प्रतिसाद नाही’ म्हणून नोंदले जाते.

गळतीची नोंद आठवड्यागणिक ठेवावी आणि कारण मुलालाच विचारावे. मुंबईत कितीतरी घरांत स्मार्टफोन एकच, तोही वडिलांबरोबर कामावर गेलेला. तो मुलाच्या हाती येतो रात्री नऊनंतर. अशा घरासाठी संध्याकाळी सहाची मुदत म्हणजे दार बंदच. रविवारी रात्री दहाची मुदत द्यावी आणि वहीत लिहून फोटो पाठवण्याची मुभा पहिल्या दिवसापासून ठेवावी. सहामाही परीक्षेचे दिवस आणि दिवाळीची सुट्टी मध्ये आली, तर गळती उपक्रमामुळे झाली की वेळापत्रकामुळे, हे सांगता येत नाही.

तपासणीत सर्वात मोठी चूक शुद्धलेखनाबाबत होते. फोनवर र, हलन्त, य असे टाइप केले, की ‘दुसऱ्या’चे ‘दुसर्या’ होते. त्यासाठी लागणारा ऱ कीबोर्डवर कुठे आहे, हे मुलांना कुणी दाखवलेलेच नसते. बोलून टाइप केलेल्या कथेत बहुतेकदा पूर्णविराम आणि अवतरणचिन्हे नसतात, त्यामुळे आई आणि मुलगी यांचे संवाद एकात एक मिसळतात. याचे गुण कापणे म्हणजे कीबोर्डची शिक्षा मुलाला देणे. 20 पैकी शुद्धलेखनाला 2 गुण पुरेत, तेही दुसऱ्या खर्ड्यावर. शब्दमर्यादाही इंग्रजी नमुन्यावरून उचलू नये. ‘घरातल्यांनासुद्धा’ हा आपल्याकडे एकच शब्द. तिथे 300 शब्दांत मावणाऱ्या गोष्टीला मराठीत कमी शब्द लागतात आणि उरलेली जागा मुले विशेषणांनी भरतात.

गुण देण्यापूर्वी दोन शिक्षकांनी त्याच 10 कथा, नावे झाकून, स्वतंत्रपणे तपासाव्यात. तीनपेक्षा जास्त गुणांचा फरक पडला, तर गुणदानाचे निकष सैल आहेत असे समजावे आणि आधी ते दुरुस्त करावेत. एखादा परिच्छेद फाइलमध्ये एकदम अवतरला, तर लगेच चोरी म्हणू नये. वहीतून किंवा व्हॉट्सॲपवरून आणून चिकटवणारी मुले पुष्कळ. ‘हा माणूस शेवटी परत का आला?’ असे पाच मिनिटे तोंडी विचारले, की कथा कुणाची ते समजते. यंत्राचे लिखाण ओळखण्याचा दावा करणाऱ्या साधनांवर मराठीसाठी विसंबू नये.

शिक्षकांचा वेळ कुठेच मोजला जात नाही, याचे वाईट वाटते. साठ मुले, दोन खर्डे, प्रत्येकी आठ मिनिटे, म्हणजे 16 तास. हे तास तासिकांमध्ये बसवले नाहीत, तर दुसऱ्या खर्ड्यावर ‘छान’ एवढाच शेरा पडतो. तीस मुलांवरच चाचणी घ्यावी, पण दोन्ही खर्डे नीट वाचावेत.

निवडक कथा संकेतस्थळावर टाकताना मुलाचे पूर्ण नाव, शाळा आणि फोटो एकत्र देऊ नयेत. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, 2023 नुसार 18 वर्षांखालील व्यक्ती बालकच आहे आणि तिच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येणारी संमती लागते. ती नावनोंदणीच्या वेळीच घ्यावी. घरातली भांडणे, कर्ज, आजारपण मुले कथेत मोकळेपणाने लिहितात. म्हणून प्रसिद्धीपूर्वी ती कथा मुलाला पुन्हा वाचायला द्यावी आणि ‘नको’ म्हणायची संधी द्यावी.

– मराठी विषयाच्या काही शिक्षिका, मुंबई